एफवायच्या लॅबमध्ये लिब्रेऑफिस : हळदीचा हिशोब, आयर्विनची पातळी आणि मराठी प्रोजेक्ट

सांगली-मिरजेत बीए, बीकॉमच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाच्या घरी लॅपटॉप असलाच, तर बहुतेक वेळा तो थोरल्या भावाचा असतो नाहीतर सेकंडहँड घेतलेला. त्यात ऑफिस असतं ते कुणीतरी 'टाकून दिलेलं'. चार दिवस बरं चालतं, मग वर अ‍ॅक्टिव्हेशनची पट्टी येते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री टायपिंगच बंद पडतं. अशांसाठी आणि लॅबचं लायसन्स संपत आलेल्या कॉलेजांसाठी हा लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजचा रिव्ह्यू. निकाल आधीच सांगतो. पहिली तीन महिने त्यातल्या रायटर (वर्डच्या जागी) आणि कॅल्क (एक्सेलच्या जागी) यांवरच शिका, शिकवा. शेवटचा महिना एक्सेल आणि वर्डला द्या. मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने काढणं) आणि प्रेझेंटेशन यांसाठी लिब्रेवर फार विसंबू नका.

२०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे पॅकेज द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था सांभाळते. पूर्ण फुकट आहे, कितीही मशीनवर टाका. विंडोजची फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे. लॅबसाठी ती एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी, तीस मशीनवर तीस वेळा डाउनलोड मारू नये. एक खाच लक्षात ठेवा. २५.८ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ आणि ८ वर चालत नाहीत. जुन्या मशीनवर इन्स्टॉलर एरर देऊन थांबला, तर दोष मशीनचा नाही आणि तुमचाही नाही, तिथे आधीची आवृत्ती घ्यावी. २०२४ पासून आवृत्तीचा आकडा वर्ष-महिन्यावरून दिला जातो, त्यामुळे ७.६ च्या पुढची थेट २४.२ दिसली तर मधल्या आवृत्त्या हुकल्या असं समजू नका.

इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडलं की यूजर इंटरफेसच्या भाषांत मराठीही मिळते. मेनू मराठीत बघायला छान वाटतात, पण शिकताना इंग्रजीच ठेवावेत. परीक्षेत, एमएस-सीआयटीच्या वर्गात आणि उद्या मार्केट यार्डातल्या ऑफिसात समोर येणार ते 'इन्सर्ट' आणि 'फॉरमॅट'च. आणि वर्डसारख्या रिबनची सवय असेल तर व्ह्यू, यूजर इंटरफेस, तिथून 'टॅब्ड' निवडा. जुनी मेनूची मांडणी बघून नाक मुरडणारी निम्मी मुलं इथेच गप्प होतात.

आता सेटिंग. हे न करता शिकवायला सुरुवात केली तर पुढचे आठ तास निस्तरण्यात जातात. टूल्समध्ये ऑप्शन्स उघडा, 'लँग्वेजेस अँड लोकेल्स'खाली 'जनरल' घ्या. लोकेल, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धती पाळायच्या ते, इंग्लिश (इंडिया) करा. याने एकदम तीन गोष्टी जागेवर येतात: रुपयाचं चिन्ह, ए४ कागद आणि दिवस-महिना-वर्ष हा तारखेचा क्रम. लोकेल अमेरिकन राहिलं तर १३/५ ही तारीख तारीखच होत नाही, मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसते. ही चूक निदान दिसते तरी. ५/६ मात्र गुपचूप सहा मे होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर टिक करून भाषा मराठी निवडा. ही टिक म्हणजे मराठीचं दार.

त्या दारातच पहिली ठेच लागते. लिब्रेऑफिस रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीचा वेगळा. स्टाइलमध्ये फॉन्ट १२ केला, इंग्रजी शब्द मोठे झाले आणि मराठी होती तशीच राहिली, ही तक्रार प्रत्येक बॅचमध्ये येते. कारण साधं आहे, वरच्या भागातला वेस्टर्न फॉन्ट बदलला आणि सीटीएलचा, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा, राहून गेला. दोन्ही ठिकाणी बदल करायचा. मराठीसाठी निर्मला यूआय, मंगल, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, काहीही चालेल, पण संपूर्ण प्रोजेक्टला एकच. ओळींमधलं अंतर 'फिक्स्ड' ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. 'प्रपोर्शनल' किंवा 'सिंगल' ठेवा.

टायपिंगचं म्हणाल तर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, विंडोज+स्पेस दाबून भाषा बदलते. पण जमलं तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड, शिका. पंधरा दिवस त्रास होतो, मग हात बसतो. इन्स्क्रिप्टची खरी किंमत कळते ती 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द लिहिताना. साधा र, मग हलन्त, मग य असं दाबलं की रफार वर चढतो आणि 'दुसर्या' होतं. तिथे शिफ्ट+जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्या, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशवरचा य. 'दुसऱ्या' बरोबर उमटतं. निम्म्या प्रोजेक्टांत हा शब्द चुकलेला असतो आणि मार्गदर्शकांच्या लाल पेनाला काम मिळतं. 'सातारच्या' मात्र साध्या र नेच लिहायचा, तिथे जोडाक्षर च्या चं आहे. मुलं एकदा नुक्त्याचा ऱ शिकली की तो सगळीकडे ठोकत सुटतात.

कुणी जुन्या मराठी फॉन्टमधली, म्हणजे युनिकोड नसलेली फाइल आणली आणि ती उघडल्यावर नुसती गिचमिड दिसली, तर तो लिब्रेऑफिसचा दोष नाही. त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, मगच कामाला लागा.

रायटर हा या पॅकेजचा सगळ्यात पक्का भाग. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी आम्ही तो वर्डच्या वर ठेवू. कंट्रोल+१ दाबलं की हेडिंग १, कंट्रोल+२ ला हेडिंग २. एफ११ ला स्टाइल्सची पट्टी उघडते. प्रकरणांची नावं अशी स्टाइलने दिली, की इन्सर्टमधल्या 'टेबल ऑफ कंटेंट्स'मधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पुढे पानं वाढली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'अपडेट इंडेक्स'. अनुक्रमणिका हाताने टिंब-टिंब मारून लिहिणाऱ्याला हे एकदा दाखवलं की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. नवीन पान हवं तर कंट्रोल+एंटर. एंटर-एंटर मारत खाली जाण्याची सवय इथेच मोडा, कारण वर एक ओळ वाढली की खालचं सगळं सरकतं.

पान क्रमांकात रायटर वेगळा वागतो आणि बहुतेक मुलं इथेच अडतात. मुखपृष्ठावर नंबर नको, पुढच्या पानापासून १ हवा. वर्डमध्ये यासाठी सेक्शन ब्रेक आणि मग 'लिंक टू प्रीव्हियस' बंद. रायटरमध्ये पेज स्टाइल. मुखपृष्ठाला 'फर्स्ट पेज' स्टाइल द्या. त्याच्या शेवटी कर्सर ठेवून इन्सर्ट, 'मोअर ब्रेक्स', 'मॅन्युअल ब्रेक' उघडा, पेज ब्रेक निवडून स्टाइल 'डीफॉल्ट पेज स्टाइल' घ्या आणि 'चेंज पेज नंबर'समोर १ टाका. झालं. पण छापताना मध्येच एक कोरं पान बाहेर येतं आणि सगळे गोंधळतात. हा बग नाही. रायटरच्या हिशोबात विषम क्रमांक नेहमी उजव्या हाताच्या पानावर. मुखपृष्ठ १ आणि त्यानंतर पुन्हा १, म्हणजे दोन उजवी पानं लागोपाठ, म्हणून मध्ये एक डावं कोरं पान तो स्वतः घालतो. ऑप्शन्समध्ये रायटरखाली 'प्रिंट' उघडून 'प्रिंट ऑटोमॅटिकली इन्सर्टेड ब्लँक पेजेस'ची टिक काढा. पुस्तक छापणाऱ्याला ही सोय वरदान, स्पायरल बाइंडिंगवाल्याला डोकेदुखी.

कॅल्कवर जरा जास्त रेंगाळतो, कारण ऑफिस शिकणं म्हणजे शेवटी शीट शिकणं. व्यापाऱ्याच्या पेढीवर लावायचं असेल तर हेच लागतं. पुस्तकातली 'स्टुडंट मार्कलिस्ट' सोडा. सांगलीत बसून हळदीच्या सौद्याचा कागद घ्या. ए मध्ये तारीख, बी मध्ये अडत्या, सी मध्ये पोती, डी मध्ये वजन क्विंटलमध्ये, ई मध्ये क्विंटलचा दर, एफ मध्ये रक्कम. एफ२ मध्ये =डी२*ई२ (सेलची नावं शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायची). मग एफ२ च्या कोपऱ्यावरच्या ठिपक्यावर डबल क्लिक, खालपर्यंत सगळ्या रकमा भरतात.

आता दोन चुका मुद्दाम करून दाखवा. पहिली, हमाली. पोत्यामागे हमालीचा दर एच१ मध्ये ठेवा आणि जी२ मध्ये =सी२*एच१ लिहून खाली ओढा. पहिली ओळ बरोबर, त्याखाली सगळी शून्यं. कारण ओढताना एच१ चा एच२, एच३ होत गेला आणि त्या सेल रिकाम्या. एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, डॉलर लागून $एच$१ होतं आणि तो जागचा हलत नाही. लॅपटॉपवर एफ४ ने आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त झाला तर एफएन धरून दाबा. डॉलरचा अर्थ पाठ करून कुणाला कळत नाही, ती शून्यांची रांग बघितली की कायमचा कळतो.

दुसरी चूक, डी२ मध्ये '१२ क्विंटल' असं लिहिणं. माणसाला वाचायला सोयीचं, कॅल्कसाठी तो निव्वळ मजकूर. गुणाकारात एरर येते. आणि बेरजेत तर एररही येत नाही, तो आकडा मुकाट्याने वगळला जातो. एकूण वजन बारा क्विंटलने कमी भरतं आणि कुणाला पत्ता नसतो. सेलमध्ये फक्त आकडा टाकायचा, 'क्विंटल' हा शब्द फॉरमॅटमधून आणायचा: कंट्रोल+१ दाबून फॉरमॅट कोडमध्ये शून्य आणि त्यापुढे अवतरणात क्विंटल. आकडे इंग्रजीतच टाका. आणि पुढे त्याच शीटमध्ये बेदाण्याचे सौदे जोडलेत, तर सावध. हळदीचा दर क्विंटलला सांगतात, बेदाण्याचा किलोला. एकाच सूत्राने दोन्ही गुणले तर तासगावचा व्यापारी हसेल.

या दुसऱ्या चुकीवर लिब्रेऑफिसमध्ये असं एक औषध आहे जे एक्सेलमध्ये एका बटणावर मिळत नाही. कंट्रोल+एफ८ दाबा, म्हणजे 'व्हॅल्यू हायलायटिंग'. आकडे निळे होतात, सूत्रं हिरवी, मजकूर काळा. वजनाच्या निळ्या रांगेत एक काळा ठिपका दिसला की समजायचं, इथे कुणीतरी शब्द चिकटवलाय. सूत्राच्या जागी कुणी हाताने आकडा ठोकला असेल तर हिरव्या रांगेत निळा डाग दिसतो. तपासणाऱ्या शिक्षकाचं अर्धं काम यात होतं. शिकवण्यासाठी कॅल्क निवडायला आमच्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

लाखाचे स्वल्पविराम हाही कॅल्कचा मोठा गुण. फॉरमॅट कोडमध्ये #,##,##0 लिहिलं की १२,३४,५६७ असं आपल्याकडच्या पद्धतीने दिसतं. एक्सेल तसं ऐकत नाही, ते विंडोजच्या रीजन सेटिंगकडे बघतं. तिथे इंडिया नसेल तर दहा लाखांच्या जागी मिलियनची मांडणी येते आणि दिवाळखोरीचा हिशोबही परदेशी वाटायला लागतो.

दुसरा सराव पावसाळ्यातला. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज बातमीत येते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा हे आकडे इथल्या पोरांना शिकवावे लागत नाहीत. पण बातमीत पातळी येते '३९ फूट ६ इंच', आणि दहातले आठ जण सेलमध्ये ३९.६ लिहितात. चूक. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे ३९.५. याहून वाईट म्हणजे ३९ फूट ११ इंच, ते ३९.११ लिहिलं की कॅल्कच्या मते पाणी ३९.६ पेक्षा खाली. आलेखात पूर ओसरतोय असं दिसतं, नदी मात्र चढत असते. म्हणून बी मध्ये फूट, सी मध्ये इंच आणि डी मध्ये =बी२+सी२/१२. आलेख डी चा काढायचा.

मग ई२ मध्ये इफ: डी२ ४५ किंवा जास्त असेल तर 'धोका', नाहीतर ४० किंवा जास्त असेल तर 'इशारा', नाहीतर 'ठीक'. मोठा आकडा आधी तपासायचा. ४० आधी लिहिलं तर ५० फुटालाही 'इशारा'च येतो, कारण पहिली अट खरी ठरली की इफ पुढे बघतच नाही. अवतरणचिन्हं सरळ हवीत, मोबाइलवरून कॉपी केलेली वाकडी अवतरणं सूत्रात चालत नाहीत. रंग द्यायचे तर फॉरमॅटमधून 'कंडिशनल', 'कंडिशन'; तिथेही क्रम तोच, ४५ वर आणि ४० खाली.

व्हीलुकअप, म्हणजे यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं सूत्र, कॅल्क आणि एक्सेल दोन्हीकडे सारखाच चालतो. शेवटी शून्य टाकायला विसरू नका, नाहीतर जवळपासचं काहीतरी नाव उचलून आणतो. नवा एक्सलुकअप कॅल्कमध्ये २४.८ पासून आलाय, त्याआधीच्या आवृत्तीत फाइल उघडली तर एरर दिसेल.

आता जिथे लिब्रेऑफिस मागे पडतं ते. मेल मर्ज. वर्डमध्ये मेलिंग्स उघडा, यादी निवडा, फील्ड टाका, प्रीव्ह्यू बघा, संपलं. लिब्रेमध्ये आधी शीट डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते, त्याची वेगळी ओडीबी फाइल होते, आणि मग कुणी मूळ शीट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की सगळी पत्रं रिकामी. सोसायटीच्या दोनशे सभासदांना नोटिसा काढायच्या असतील तर वर्डच बरं. अर्थात वर्डही धुतल्या तांदळासारखं नाही. तारीख महिना आधी घेऊन उलटी येते. ऑल्ट+एफ९ दाबून फील्डचा कोड उघडा आणि नावापुढे बॅकस्लॅश, अ‍ॅट आणि अवतरणात दिवस-महिना-वर्षाची अक्षरं घाला. महिन्याचे एम कॅपिटल हवेत, छोटे एम म्हणजे मिनिटं.

पॉवरपॉइंटच्या जागी असलेलं इम्प्रेस चालून जातं, एवढंच. पॉवरपॉइंटमध्ये केलेली स्लाइड त्यात उघडली की मजकूर चौकटीबाहेर लोंबतो, अ‍ॅनिमेशन अर्धं गायब. सेमिनारला जाणार असाल तर पीडीएफची एक कॉपी सोबत ठेवा.

एक्सेलच्या मॅक्रोंवर, म्हणजे शीटमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालणाऱ्या शीट कॅल्कमध्ये कधी चालतात, कधी नाही. अकाउंटिंगच्या ऑफिसातली जुनी शीट म्हणजे बहुधा अशीच काहीतरी गाठोडी, म्हणून शेवटचा महिना एक्सेलला द्या म्हटलं. त्या महिन्यात नवीन काही शिकवू नका. त्याच हळदीच्या शीटवर पिव्हट टेबल, फ्रीझ पेन्स आणि रिबनवरची जागा दाखवा. कल्पना आधीच पक्क्या असतील तर चार दिवसांत हात वळतो. एक्सेल विकत घेणं परवडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यावर ब्राउझरमध्ये वर्ड-एक्सेल फुकट वापरता येतं, सोबत ५ जीबी जागा मिळते. इंटरनेट मात्र हवं.

फाइलीचं एक. लिब्रे मुळात ओडीटी, ओडीएस मध्ये सेव्ह करतं. शिक्षकाला मेल करायची असेल तर डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, करूनच पाठवा. ऑप्शन्समध्ये 'लोड/सेव्ह'खाली 'जनरल'मध्ये कायमचं ठरवता येतं. तिथेच ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवर असते, ती तीन करा. मिरजेत पावसाळ्यात लाइट सांगून जात नाही. आणि पेनड्राइव्ह ओढून काढला, मग फाइल उघडताना 'लॉक्ड' असा निरोप आला, तर घाबरू नका. फाइलीशेजारी ठिपका आणि लाटेच्या चिन्हाने सुरू होणारी एक छोटी लपलेली लॉक फाइल राहिलेली असते. ती डिलीट केली की झालं. मूळ फाइलीला हात लावू नका.

छापायला विश्रामबागेतल्या किंवा स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं तर फक्त पीडीएफ न्या. तिथल्या मशीनवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही, डॉकएक्स उघडली की पानं पुढे-मागे होतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातात. एक्सपोर्ट करण्याआधी फॉरमॅट, पेज स्टाइल उघडून कागद ए४ आहे ना ते बघा. लेटर राहिला असेल तर दुकानदार 'फिट टू पेज' मारतो आणि मजकुराचं माप, समास सगळंच थोडं बदलतं.